एका ब्रासमध्ये पाच एकर

धानाच्या एका एकर बांधीवर नायट्रोजन किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. जमिनीच्या दर चौरस मीटरवर हवेचं ओझं सुमारे १० टन. त्यातला वजनाने तीन चतुर्थांश भाग नायट्रोजनचा, म्हणजे चौरस मीटरला पावणेआठ टन आणि एकराला सुमारे ३१ हजार टन. आणि नागभीड, सिंदेवाही किंवा आरमोरीचा शेतकरी रोवणी आटोपल्यावर त्याच एकरात युरियाच्या दोन चुंगड्या टाकतो. ४५ किलोच्या चुंगडीत नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. दोन चुंगड्यांत ४१ किलो. विकत घेतलेल्या नायट्रोजनच्या साडेसात लाख पट नायट्रोजन त्याच्या डोक्यावर फुकट उभा आहे, पण धानाला त्यातला एक रेणूही घेता येत नाही.

कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात. तो बंध तोडण्याची युक्ती फ्रिट्झ हाबरला १९०९ मध्ये प्रयोगशाळेत साधली, आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊच्या कारखान्यात तिचा उद्योग उभा केला. प्रचंड दाब, शेकडो अंश तापमान आणि भरपूर इंधन खर्चून हवेतून खत काढायचं, हे तेव्हापासून चालू आहे. भारतात आज वर्षाला साडेतीनशे लाख टनांच्या आसपास युरिया लागतो.

हवेतून खाली उतरवलेला हा नायट्रोजन पुन्हा हवेत परत जातो कसा, याचं फार मोठं उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांत पायाखाली पसरलेलं आहे. ते उत्तर म्हणजे रेती.

आधी या नद्यांकडे येतं काय, ते पाहू. धानाचं पीक टाकलेल्या युरियातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक उचलतं. उरलेल्यातला काही अमोनिया होऊन उडतो, काही बांधीच्या चिखलातच वायू होतो, आणि काही नायट्रेट होऊन पाण्यासोबत निघतो. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं. मातीला ते चिकटत नाही, गाळणीत अडकत नाही, उकळून जात नाही. बांधीतून बोडीत, बोडीतून नाल्यात, नाल्यातून नदीत ते पाण्याच्या वेगाने जातं.

शेतापुरतंच हे नाही. एक माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. म्हणजे दिवसाला २४ हजार किलो नायट्रोजन, किंवा युरियाच्या जवळजवळ १,१६० चुंगड्या, रोज, सणवार धरून. यातला काही भाग सांडपाणी प्रक्रियेत निघतो, पण नाग नदीचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येतं, हे विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांखालची वैनगंगा म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली, मार्कंडा, आष्टी.

पश्चिमेकडून वर्धा नदी येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या ३५.७४ टक्के नमुन्यांत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. देशातल्या सर्वांत गंभीर १५ जिल्ह्यांत वर्धा, अमरावती आणि यवतमाळ ही नावं आहेत. तिन्ही जिल्ह्यांचा बराच उतार वर्धा-पैनगंगेकडे आहे आणि तो पुढे चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेने जातो. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात, तिथून प्राणहिता सुरू होते. प्राणहितेचं पाणलोट सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. एवढ्या मुलुखाचं धुतलेलं पाणी गडचिरोलीच्या एका कडेने सिरोंच्याला जातं.

आता रेती. घाटावर रेतीचं माप ब्रास: १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, साधारण ट्रॅक्टरची एक ट्रॉली. अर्ध्या मिलिमीटरचा गोल कण धरा, रेतीत चाळीस टक्के पोकळी धरा. एका ब्रासमध्ये कण निघतात २,६०० कोटी. या सगळ्या कणांचा पृष्ठभाग उलगडून एकाशेजारी एक मांडला, तर तो भरतो २० हजार चौरस मीटरहून जास्त. म्हणजे पाच एकर. सरकारी व्याख्येत दोन हेक्टरपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक. त्याची अख्खी जमीन, क्षेत्रफळ म्हणून, एका ट्रॉलीत मावते.

पात्रातल्या रेतीचा प्रत्येक कण वस्तीने भरलेला असतो. ब्रेमेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये समुद्रातल्या रेतीचे सुटे सुटे कण तपासले. एका कणावर दहा हजार ते एक लाख जिवाणू निघाले, आणि ते मुख्यतः कणाच्या खाचाखोचांत, घासलं जाणार नाही अशा जागी बसलेले होते. नदीची रेती वेगळी असली तरी कमी आकडाच धरू. एका ब्रासमध्ये २.६ कोटी कोटी जिवाणू येतात. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांच्या ही संख्या ३२ हजार पट आहे.

यांतले काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात. प्राणवायू असेपर्यंत ते तुमच्याआमच्यासारखे प्राणवायूच वापरतात. तो संपला की पाण्यातल्या नायट्रेटमधले प्राणवायूचे अणू एकेक करून तोडतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी दोन अणूंचा तोच तिहेरी बंधाचा नायट्रोजन, जो हवेत मिसळतो. हाबर-बॉशच्या कारखान्याचं काम इथे उलट चालतं, नदीच्या तापमानाला, कुजक्या पानांच्या इंधनावर. नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा जोरकस वायू आहे, पण ओढ्यानाल्यांतल्या मोजणीत असं दिसलं की मोडलेल्या नायट्रेटपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग त्या टप्प्यावर अडकून बाहेर पडतो. बाकीचा सगळा निरुपद्रवी नायट्रोजन.

पण यासाठी नदीचं पाणी रेतीत शिरलं पाहिजे. नदी रेतीवरून वाहते एवढंच आपल्याला दिसतं. वैनगंगेच्या काठी डांगरवाडी लावणाऱ्या ढिवरांना मात्र नदी रेतीतूनही वाहते हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या बायाही धारेपासून चार हात दूर रेती उकरून झिरा करतात आणि त्यात जमलेलं पाणी प्यायला नेतात. शास्त्रात या पाण्याला स्वतंत्र जागा उशिरा मिळाली. रुमानियाचा त्रायान ओर्गिदान याने १९५९ मध्ये नदी आणि भूजल यांच्यामधल्या या थराला वेगळं क्षेत्र म्हणून नाव दिलं.

पाणी रेतीत ढकलतं कोण? तळाशी रेतीच्या लाटा असतात, अर्धा-एक मीटर लांब, काही बोटं उंच. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येणारं पाणी लाटेच्या चढावर आदळतं तिथे दाब किंचित वाढतो, उतारामागे किंचित घटतो. किती? तीन-चार मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका. एवढ्याशा फरकाने पाणी लाटेच्या चढावर रेतीत शिरतं, आत वळसा घालतं आणि पुढे बाहेर पडतं. सैल, जाडसर रेतीत हा हिशेब केला तर दर चौरस मीटरमधून दिवसाला सरासरी अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर पाणी आत-बाहेर होतं.

पाचशे लिटर मोठं वाटत नाही. आता उन्हाळ्यातली नदी घ्या: रुंद पात्रात १०० मीटरची ओली धार, सेकंदाला २० घनमीटर पाणी. एक किलोमीटर लांबीत तळ भरतो एक लाख चौरस मीटर. दिवसाला ५ कोटी लिटर पाणी त्या एका किलोमीटरच्या रेतीतून जाऊन येतं. चंद्रपूर शहराची २०११ ची लोकसंख्या ३ लाख २० हजार होती. माणशी १३५ लिटरने सगळ्या शहराची गरज ४ कोटी ३० लाख लिटर भरते. म्हणजे नदीच्या एका किलोमीटरची रेती, पंपाशिवाय, विजेशिवाय, एका शहराच्या गरजेहून जास्त पाणी रोज स्वतःतून फिरवते. सगळ्या धारेचं पाणी दिवसाला १७३ कोटी लिटर. ते एकदा पूर्ण रेतीतून फिरायला ३५ किलोमीटर पुरतात.

लिटरमागे नायट्रेटमधला फक्त एक मिलिग्रॅम नायट्रोजन धरा, आणि रेतीत शिरलेल्यापैकी दहावा हिस्साच मोडला असं धरा. तरी किलोमीटरला दिवसाला पाच किलो नायट्रोजन हवेत परत जातो. चार दिवसांत युरियाची एक चुंगडी. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत किलोमीटरमागे ४३ चुंगड्या, शंभर किलोमीटरला ४,३००. कोणाला काही दिसत नाही, कारण पाच किलो नायट्रोजनचा वायू ४,४०० लिटर असला तरी लाखभर चौरस मीटरवर पसरून तो चौरस मीटरला दिवसाकाठी ४४ मिलिलिटर होतो आणि पाण्यातच विरघळून वर निघून जातो. बुडबुडासुद्धा येत नाही.

दहावाच हिस्सा का? कारण इथे सगळा खेळ वेळेचा आहे. वर धार दिवसाला ४३ किलोमीटर जाते. रेतीच्या आत तेच पाणी दिवसाला एक-दोन मीटर सरकतं. वीस-चाळीस हजार पट संथ. आत शिरताना पाण्यात लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. जिवाणू तो आधी संपवतात, आणि प्राणवायू असेपर्यंत उलटंच घडतं: सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या एका ओढ्यात मोजलं तेव्हा हा पलटा सात तासांच्या जवळपास दिसला. त्याआधी बाहेर पडणारं पाणी नायट्रेट वाढवून आलेलं, त्यानंतरचं कमी करून आलेलं. म्हणजे पाणी आत फार लवकर फिरून आलं तर काम अर्धवट, उलट नायट्रेटची भर. फार वेळ आत राहिलं तर आतलं नायट्रेट संपून जातं आणि रेती रिकामी बसून राहते. लाटेची उंची, रेतीची जाडी आणि धारेचा वेग हे तिन्ही जुळून आले की मगच नायट्रेट जातं. मिसिसिपीच्या सगळ्या जाळ्याचा असा हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला. त्यात मोठी वळणं आणि किनाऱ्यांतून होणाऱ्या झिरपण्यापेक्षा तळाच्या या छोट्या लाटांमधलं उभं फिरणं कितीतरी भारी ठरलं. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो. हजारो किलोमीटरच्या नदीचं रसायन बोटभर उंचीच्या लाटा ठरवतात.

पावसाळ्यात काय होतं, ते आकडेच सांगतात. सेकंदाला १० हजार घनमीटरचा पूर धरा. दिवसाला ८६,४०० कोटी लिटर. पात्र एक किलोमीटर रुंद झालं, तरी किलोमीटरमागे रेतीत फिरणार ५० कोटी लिटर. सगळं पाणी एकदा रेतीतून जायला १,७२८ किलोमीटर लागतील. गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत आहेच १,४६५ किलोमीटर. वेगाने दाब वाढतो म्हणून फिरणं दहापट धरलं तरी पावणेदोनशे किलोमीटर होतात, आणि तेव्हा लाटा जागेवर राहतच नाहीत, रेती पाण्यासोबत पळत असते. नायट्रेटचा मोठा भाग मात्र नेमका याच दिवसांत, युरिया टाकल्यानंतरच्या पावसात, शेतातून निघतो.

मग तो अडवायचा कुठे? नाल्यात. २००० मध्ये रिचर्ड अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी मिसिसिपी खोऱ्याची मोजणी मांडली. लहान ओढ्यांत नायट्रोजन घटण्याचा दर दिवसाला ०.४५, खुद्द मिसिसिपीत ०.००५. नव्वद पट फरक. ओढ्याच्या दराने एका दिवसात ३६ टक्के नायट्रोजन जातो, मोठ्या नदीत अर्धा टक्का. कारण उघड आहे: वीतभर खोल नाल्यात पाण्याचा प्रत्येक थेंब तळाशी पुन्हा पुन्हा भिडतो, दहा मीटर खोल नदीत बहुतेक थेंबांना तळ माहीतच नसतो. आणि नाले संख्येने अफाट असतात. उगमाच्या नाल्याला पहिली पायरी म्हटलं आणि पुढच्या प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे चार उपनाले मिळतात असं धरलं, तर सातव्या पायरीच्या एका नदीला ४,०९६ पहिले नाले लागतात. जाळ्यातल्या एकूण ५,४६१ प्रवाहांपैकी पंचाहत्तर टक्के.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगल आहे. कठाणी, खोब्रागडी, सती, दिना, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्यांचे पहिले नाले सागाच्या, मोहाच्या, येनाच्या पानांनी भरलेले असतात. पान कुजलं की जिवाणूंना इंधन मिळतं आणि रेतीतला प्राणवायू लवकर संपतो. जंगल नाल्याला असं दोन्ही बाजूंनी मदत करतं: वरून नायट्रेट कमी सोडतं, तळाला इंधन जास्त देतं. पण याला मर्यादा आहे. अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत नायट्रोजनचा जड समस्थानिक पाण्यात मिसळून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नायट्रेट वाढत गेलं की ओढा एकूण मोडतो जास्त, पण टक्केवारीने कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे नाल्यावर जितकं जास्त ओझं टाकाल, तितकं जास्त तो पुढे ढकलेल.

रेतीत गाळ बसला तर काय होतं, हेही आकड्यांत पाहण्यासारखं आहे. कण लहान झाला की पृष्ठभाग वाढतो: अर्ध्या मिलिमीटरऐवजी त्याचा पन्नासावा भाग असलेला गाळाचा कण घेतला तर पन्नास पट. जिवाणूंना जागाच जागा. पण पाण्याला वाट देण्याची ताकद कणाच्या व्यासाच्या वर्गाने घटते. पन्नासाचा वर्ग अडीच हजार. जागा पन्नास पट, पाणी अडीच हजारांश. वस्ती आहे, पण तिच्यापर्यंत काही पोचतच नाही. रेतीच्या भोकांत गाळाचा पातळ थर जरी बसला, तरी तळाचं दार बंद होतं. चंद्रपूरच्या इरई आणि झरपट या नद्यांची आज जी अवस्था आहे, एकीकडे कोळसा खाणींची माती, दुसरीकडे शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी, तिच्याकडे मी या नजरेने पाहतो. तिथे पाणी नुसतं मळत नाही, त्याला स्वच्छ करणारी जागाच बुजते.

पाणी रेतीतून वाहतं याचा सर्वांत महागडा पुरावा सिरोंचा तालुक्याच्या कडेला आहे. प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली मेडीगड्डा बॅरेज, १.६ किलोमीटर लांब, ८५ दरवाजे, २०१९ मध्ये सुरू. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने दिलेल्या कारणांत पायाखालची रेती पाण्यासोबत निघून जाणं हे होतं. लाटेवर तीन-चार मिलिमीटरचा दाब असतो तेव्हा पाणी रेतीत दिवसाला एक-दोन मीटर सरकतं. बॅरेजच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक कित्येक मीटरचा असतो, म्हणजे हजार पट.

आणि आता ट्रॉलीकडे. एक चौरस किलोमीटर पात्र, तीन मीटर खोल रेती. तिच्या कणांचा पृष्ठभाग २१,६०० चौरस किलोमीटर. अख्खा गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. मात्र सगळी खोली कामाची नसते. कामाचा थर बहुतेक वरचा अर्धा मीटर. तेवढाच मोजला तर १०० मीटर रुंद धारेच्या एका किलोमीटरमध्ये ३६० चौरस किलोमीटर पृष्ठभाग भरतो, आणि चाळीस किलोमीटरमध्ये गडचिरोली जिल्ह्याएवढा. या अर्ध्या मीटरची किलोमीटरभर रेती होते १७,६७० ब्रास. चार ब्रासच्या टिप्परने ४,४०० फेऱ्या.

पूर नवी रेती आणतो, हे खरं आहे, आणि नदी म्हणूनच इतकं सोसते. पण वरच्या धरणांत रेती अडते, आणि खणलेल्या खड्ड्यात पहिल्यांदा बसतो तो गाळ. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत रेती उपशाची खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तितकीच, असं बंधन आहे. लोक त्यातले तीन मीटर लक्षात ठेवतात. माझ्या मते नदीसाठी मोलाचा आहे तो दुसरा भाग, कारण प्राणवायू संपतो आणि नायट्रेट मोडतं ते पाण्याच्या पातळीखालच्या ओल्या रेतीतच.

आष्टी आणि टेकरा इथे केंद्रीय जल आयोग वैनगंगेचा आणि प्राणहितेचा प्रवाह वर्षानुवर्षं मोजतो. घाटाचा लिलाव ठरवताना ब्रास मोजले जातात. त्यासोबत एक बारीक नळी ओल्या रेतीत अर्धा मीटर खोचावी, तिच्यातून बाटलीभर पाणी काढावं, दुसरी बाटली शेजारच्या धारेतून भरावी, आणि दोन्हींतलं नायट्रेट तपासावं. नळीतल्या पाण्यात ते धारेपेक्षा स्पष्ट कमी निघालं, तर तो पट्टा लिलावाच्या यादीतून काढावा.